सूचक नाही, अनुमोदक नाही

केळझर,
श्रावण, उपासाचा दिवस

तीर्थरूप वासुदेवभाऊ यांच्या पायांवर धाकट्या कुंताचं डोकं, अन् वहिनीच्या पायांवरही तेच, एकच आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? तुमचा कैलास सांगत होता का डॉक्टरनं पाय उचलायचा व्यायाम दिला आहे, तो वहिनी करून राह्यली अन् तुम्ही खाटेवर बसून आकडे मोजून राह्यले. भाऊ, असं नसते. वहिनीची साखर कशी आहे? तिले म्हणा उपास करजो, पण साबुदाण्याले आवर. लाल गाय व्याली का, कालवड झाली का गोऱ्हा, ते कळवजा. संत्र्याचा बहार यंदा धरला का नाही, तेही लिहिजा. इकडे सगळे खुशाल आहेत. रोशनीचे बाबा सकाळपासून भेंडी तोडून राह्यले (उद्या बाजार आहे), रोशनी कॉलेजात गेली, अन् मी भरदिवसा पेन घेऊन बसली आहे. शेजारच्या कौशल्याबाई त्यापायी दोनदा डोकावून गेल्या. आमच्याकडे बाई नुसती बसलेली दिसली तर लोकांले ती आजारी वाटते, अन् पेन घेऊन बसलेली दिसली तर घरात भांडण झालं असं वाटते.

तुम्ही कैलासच्या हाती धाडलेला कागद मिळाला. बाबांच्या वावरातला माझा हिस्सा मी सोडला, असं लिहिलेला तो कागद. वाचून सही करून ठेवजो अन् पोळा झाला की रजिस्ट्रीले येजो, असा तुमचा निरोपही मिळाला. कागद वाचला. चांगला दोनदा वाचला. त्याच्याबद्दल शेवटी लिहिते, काऊन का त्याच्याआधी एक मोठी बातमी सांगायची आहे अन् ती पोटात राहून नाही राह्यली.

भाऊ, तुमची बहीण बी.ए. झाली!

हुश्श. लिहून टाकलं. आठवडा होत आला निकाल लागून, पण अजून रात्री कूस बदलली की आधी निबंधाचा पेपर राहिला आहे असं वाटते, अन् मग आठवते का नाही बाई, सुटला, सुटली आपण. बाकीचे पेपर कधीच निघाले होते. हा एक निबंधाचा तेवढा दोनदा गेला होता, अन् यंदा गेला असता तर नोंदणीची मुदत संपून आधीचं सगळंच पाण्यात जात होतं. इतिहास पाण्यात, अर्थशास्त्र पाण्यात, पहाटे उठून घोकलेलं सगळं पाण्यात. तुम्ही म्हणाल, निबंधात काय आहे, लहानपणी आपण गाईवर लिहीतच होतो. तेच तर. मलेही तसंच वाटलं होतं.

आता हे बी.ए.चं खूळ डोक्यात आलं कुठून, हे तुम्हाले माहीत नाही. तुम्हाले वाटते मी हट्टानं केलं. मी काही हट्ट केला नाही. मी त्या दिवशी सेलूच्या बाजारात वांगी विकत होती. मागं आमच्या बचत गटात बँकेचे साहेब आलते, त्यांनी सहज विचारलं का तुमच्यात ग्रॅज्युएट कोणी आहे का. सहज विचारलं, पण बायांले ते लागलं. साहेबांची गाडी गेल्याबरोबर सभा भरली अन् ठराव झाला : ‘गटाच्या सचिव सौ. कुंताबाई यांनी बी.ए. करावे. सूचक कौशल्याबाई, अनुमोदक मनकर्णाबाई. ठराव सर्वानुमते मंजूर.’ मी रिकामं टोपलं घेऊन घरी आली तर मले माझं भविष्य मनकर्णाबाईनं ओसरीवर ऐकवलं. अन् सचिव मीच असल्यानं तो ठराव सभेच्या वहीत चांगल्या अक्षरात मलेच लिहावा लागला. (रोशनीचे बाबा म्हणाले, गटाचा ठराव आहे तर मी कोण बोलणारा. हे त्यांनी एवढ्या आनंदानं म्हटलं का मले संशयच आला.)

तर सांगायचं असं का, इतकी वर्षं मी गटाची सभा लिहीत आली आहे. माझ्या हाताले तेच वळण लागलं. पेन कागदाले टेकला का आपोआप उपस्थिती, विषय, चर्चा, सूचक, अनुमोदक, असं निघत जाते. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात रविवारी निबंध शिकवायले मंजुषा मॅडम येत, वर्ध्याहून, बसनं. बारीक आवाजाची बाई, पण पर्समध्ये दोन लाल पेन, एक सरला तर दुसरा. पहिल्याच रविवारी त्यांनी विषय दिला, ‘माझ्या गावात झालेले बदल’. मी खूश झाली. मी सगळ्यांच्या आधी लिहून दिलं. वरती सगळ्या बायांची नावं घातली, कोणाचं राहिलं असं नको. मग लिहिलं का गावात बदल होत असल्याचे सर्वांच्या निदर्शनास आले. घरोघरी नळ आला, त्यावर सविस्तर चर्चा होऊन नळ चांगला असल्याचे सर्वानुमते ठरले, सूचक अमकी, अनुमोदक तमकी. त्यानंतर आयत्या वेळचे विषय. त्यानंतर आभार मानण्यात येऊन व चहापान होऊन अध्यक्षांच्या परवानगीने निबंध संपला असे जाहीर करण्यात आले.

पुढच्या रविवारी कागद परत आला तेव्हा त्याच्यावर सगळीकडे लालच लाल. कुठं ‘पाल्हाळ’, कुठं ‘कारण द्या’, कुठं ‘हे वाक्य तुमचं आहे का?’. अन् अगदी खाली, दोनदा रेघ मारून, एकच प्रश्न : ‘यात तुम्ही कुठं आहात?’ मले नवल वाटलं. शिकलेली बाई, अन् इतकं दिसू नये? मी तिथंच खाली लिहून दिलं, ‘उपस्थितांत, अनुक्रमांक एक.’ मॅडमनं ते वाचलं, चष्मा काढला, डोळे पुसले अन् बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसल्या. मले वाटलं बाई रडून राह्यली. मग खांदे हलताना दिसले तेव्हा समजलं का हसून राह्यली. वर्ग सुटल्यावर त्यांनी मले बसवून घेतलं अन् सांगितलं, कुंताबाई, नळ आला तेव्हा तुम्हाले काय वाटलं ते लिहा. गटाले काय वाटलं ते नको. मी म्हटलं, मॅडम, पण एकटीनं असं ठरवायचं कसं? त्याच्यावर त्या हसल्या नाहीत.

आता इथं माझी चूक झाली ती दुसरी. मॅडमचं म्हणणं मले पटलं, म्हणून मी निबंध पुन्हा लिहिला, चांगला ‘मी, मी’ करून लिहिला. अन् बरोबर झाला का नाही हे पाहायले गटाच्या सभेत वाचून दाखवला! कौशल्याबाईनं सांगितलं का बदल लिहून राह्यली तर माझ्या पापडाच्या मशीनचं नाव आलंच पाहिजे, गावात पहिली मशीन माझी. मनकर्णाबाईनं सांगितलं का नळावरच्या भांडणाचा भाग काढून टाक, त्यात माझ्या सुनेचं नाव येते. एकीले दारूबंदी हवी होती, एकीले नको होती (तिचा दीर विकते). सगळ्यांचं ऐकून, सगळ्या दुरुस्त्या मंजूर होऊन जो निबंध उरला त्यात गावात सगळं आधीपासूनच छान होतं, अजूनही छान आहे, अन् पापडाची मशीन आहे. मॅडमनं खाली लिहिलं, ‘मग बदल काय झाला?’ मी तो प्रश्न गटापुढं ठेवला. त्यावर चर्चा पुढील सभेपर्यंत तहकूब झाली.

तेवढ्यात परीक्षा आली अन् मी नापास झाली. त्या पेपरात विषय पाण्याच्या बचतीचा होता. मी सुरुवात केली, ‘मानव हा समाजशील प्राणी आहे.’ मग म्हटलं मानव आला तर त्याचा इतिहासही यावा. आदिमानव गुहेत राहायचा, तिथून निघाली. शेतीचा शोध लावला, चाकाचा लावला, आगीचा राहून गेलता म्हणून मागं जाऊन तोही लावला. मानव नदीच्या काठी येऊन वसला अन् आता पाण्यापाशी पोचतेच आहे तर घंटा झाली. पर्यवेक्षकानं कागद ओढून नेला. मॅडम पुढं कितीतरी वेळा सांगत, कुंताबाई, ज्या गोष्टीसाठी पेन उचलला ती पहिल्या ओळीत टाका, आडवळणं घेऊ नका. (हे मी या पत्रात पाळून नाही राह्यली, दिसते मले. पण पत्राले मार्क नसतात.)

दुसऱ्या वेळी म्हटलं, आपल्या डोक्यानं चालायचंच नाही. रोशनीच्या मैत्रिणीजवळून गाइड आणली अन् ‘समुद्रकिनाऱ्यावरील सायंकाळ’ तोंडपाठ केली, काऊन का सगळे म्हणत का हाच येते. भाऊ, तुम्हाले माहीत आहे, आपण समुद्र पाहिला नाही. मी मोठ्यात मोठं पाणी पाहिलं ते बोर धरणाचं. पेपरात विषय आला, ‘माझे आवडते ठिकाण’. मी समुद्रच आवडता करून टाकला. अर्ध्यापर्यंत गाइडचं आठवलं, लाटा फेसाळल्या, वाळू रुपेरी झाली, नारळी डोलल्या. मग पुढचं पान काही केल्या आठवेना. तर मी आपल्या मनानं पुढं नेलं, काठाकाठानं वांग्याचे वाफे दिले, त्याले समुद्राचंच पाणी सोडलं, संध्याकाळी मंडळी वांगी तोडून घरी गेली. नापास. माझ्या बाकामागं प्रेमदास नावाचा एक कंडक्टर होता, त्यानं ‘माझी आई’ जसाच्या तसा गाइडमधून उतरवला. गाइडमधली आई वारलेली होती, म्हणून यानं आपलीही मारली, फार हुंदके देऊन मारली. अन् ती माउली बाहेर कडुनिंबाखाली त्याचा डबा धरून बसली होती. मॅडमले हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, प्रेमदास, आज डबा खाताना आईकडं पाहा, अन् जे दिसेल ते पुढच्या रविवारी लिहून आणा. त्यानं दहाच ओळी आणल्या. वर्गात वाचल्या तर मॅडमनं लाल पेनचं टोपणही काढलं नाही.

त्या दहा ओळी ऐकून मले पहिल्यांदा भीती वाटली. म्हटलं याले आई तरी दिसली, आपल्याले काय दिसते? मी खरं सांगते भाऊ, मी घाबरली. भाजीचा भाव मी एकटी ठरवते, गिऱ्हाईकाशी एकटी भांडते, बँकेत मॅनेजरच्या टेबलावर हात आपटून बोलते, पण ते सगळं गटासाठी नाही तर घरासाठी. ‘मले असं वाटते’ हे तीन शब्द लिहायची वेळ आली का माझा पेनच चालत नव्हता. कोणी विचारलंच नव्हतं तर सवय होईल कशी? रागही आला, पण कोणावर करावा ते समजेना, म्हणून रोशनीच्या बाबांवर केला. ते बिचारे दोन दिवस स्वतःच्या हातानं चहा करून पीत होते.

यंदा परीक्षेले गेली तेव्हा कौशल्याबाईनं दह्याची वाटी आणली, मनकर्णाबाईनं केळझरच्या गणपतीचं फूल पदरात बांधलं. हॉलमध्ये बसली, पेपर उघडला, अन् विषय होता, ‘मी घेतलेला एक निर्णय’.

म्हटलं गेलं, संपलं, आता बी.ए.ले रामराम. कोणता निर्णय? लग्न? ते तुम्ही अन् बाबांनी ठरवलं (वाईट नाही ठरवलं, माणूस भेंडी चांगली तोडते). रोशनीचं नाव तिच्या आत्यानं ठेवलं. ठिबक कोणतं घ्यायचं ते गटानं. बी.ए. तर ठराव करूनच झालं. निदान घरात भाजी कोणती करायची हे तरी मी ठरवते असं मले वाटत होतं, पण विचार केला तर तेही बाजारात कोणती विकली गेली नाही त्याच्यावर ठरते. आजूबाजूले सगळ्यांचे पेन सुरसुर चालत होते अन् मी चाळिशी ओलांडलेली बाई कोरा कागद घेऊन बसली होती.

अन् मग आठवलं. भाऊ, तुम्हालेही आठवेल. आपल्या आष्टीच्या वावरात विहिरीजवळचा तो कोपरा, जिथं मोटेचं जुनं दगडी थारोळं आहे. बाबांनी एकदा सगळ्यांले विचारलं होतं का या कोपऱ्यात काय लावायचं. तुम्ही मिरची म्हटलं, आईनं कांदे म्हटलं, आपली जया तर अजून आईच्या मांडीवर होती. अन् बाबा माझ्याकडं वळून म्हणाले, कुंते, तुले काय वाटते? मी म्हटलं, सांबार. (पेपरात मी कंसात कोथिंबीर लिहिलं, तपासणारे पुण्याकडचे असले तर त्यांले डोसा आठवायले नको.) बाबा म्हणाले, बरं, मग हा कोपरा कुंताचा. बस्स, एवढंच. अन् मी डब्यातले धने घेतले अन् होते तसे अख्खे पेरून टाकले. रोज पाणी घातलं. कुठं एखादी काडी वर आली असेल तेवढीच. तुम्ही पोट धरून हसले, त्या कोपऱ्याले ‘कुंताचं माळरान’ म्हणत होते, आल्यागेल्याले दाखवत होते. आई म्हणे, आता तिथं मिरची लावून टाका. पण बाबांनी मिरची लावू दिली नाही. त्यांनी मले जवळ बसवून धने चपलेखाली रगडून दाखवले, एका दाण्याच्या दोन फाका झाल्या पाहिजे, मग उगवते, अन् म्हणाले, कोपरा तुझाच आहे, पुन्हा पेर. दुसऱ्यांदा एवढा सांबार झाला का तुम्हीच त्याची चटणी भाकरीवर घेऊन खात होते, अन् बाजारात जुड्या विकायलेही तुम्हीच गेलते.

मी तेच लिहिलं. मानव नाही, आदिमानव नाही, समुद्र नाही. पहिलंच वाक्य लिहिलं, ‘मी सांबार पेरला.’ पुढं लिहिलं का माझा निर्णय चुकला होता, पण तो माझा होता, अन् चुकल्यावरही बाबांनी तो माझ्या हातून काढून घेतला नाही, म्हणून पुढचा सांबारही माझाच झाला. शेवटी ‘अशा प्रकारे’ असं लिहायले हात शिवशिवत होता, तो आवरला. इतकं सरळ लिहिलं का वेळ उरला. मी पेन ठेवून बसली तर पर्यवेक्षक येऊन विचारते, बाई, तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, साहेब, इतकी बरी कधीच नव्हती.

निकालाच्या दिवशी मी बाजारात होती. रोशनीचा फोन आला, ती आधी नुसती ओरडलीच, मले वाटलं विहिरीत कोणी पडलं. समजल्यावर मी भेंडीच्या गिऱ्हाईकाले वांगी तोलून दिली, अन् तो भला माणूस ती घेऊनही गेला. घरी आली तर रोशनीचे बाबा सायकल काढून पेढे आणायले गेले. अर्धा किलो आणले, घरी पोचेपर्यंत पाव किलो झाले, रस्त्यात जो दिसला त्याले थांबवून देत आले. मॅडमले फोन केला. रविवारी त्यांनी तो निबंध माझ्याजवळून पुन्हा एकदा लिहून घेतला, पुढच्या वर्गाले दाखवायले, अन् खाली लाल पेननं लिहिलं, ‘आता दिसल्या तुम्ही.’ मग तो पेनच मले देऊन टाकला. मी पर्समध्येच ठेवते. आता काय तपासायचं राहिलं आहे, पण असू द्या.

तर असं झालं. मोठं ओझं उतरलं भाऊ. तुम्ही अन् वहिनी मिळून चार पेढे माझ्या नावानं खाजा (वहिनीनं एक, साखर आहे). गटानं माझा सत्कार ठेवला आहे, भाषणं होतीलच, तेव्हा तब्येतीनं होत असेल तरच या. लहानांले आशीर्वाद. कागद संपत आला म्हणून थांबते.

तुमची,
कुंता (बी.ए.)

ता. क. तुमच्या कागदाचं राहूनच गेलं. तो सोबत परत धाडत आहे. वाचायले घेतला तेव्हा लाल पेन जवळच होता, त्यामुळं सवयीनं तपासूनच झाला. फार रागावू नका, मॅडमनं माझ्यावर याच्याहून जास्त लाल केलं होतं. पहिल्याच ओळीत ‘मी कुंताबाई, राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ असं आहे, तिथं मी लिहिलं आहे, ‘हे वाक्य तुमचं आहे का?’ पुढं ‘सर्व बहिणींनी एकमताने ठरविल्याप्रमाणे’ असं आहे, तिथं विचारलं आहे, ‘सभा कधी झाली? सूचक कोण, अनुमोदक कोण?’ ‘भावाबहिणीच्या प्रेमापोटी’ याच्या बाजूले लिहिलं, ‘प्रेम खरं आहे. पण त्यापायी हक्क सोडावा, तो काऊन? कारण द्या.’ अन् ओळीओळीत ‘मी, मी’ असूनही मी काही त्यात सापडली नाही, म्हणून खाली दोनदा रेघ मारून मॅडमचाच प्रश्न लिहिला आहे. सहीची जागा कोरी आहे, ती विसरून राहिली असं समजू नका.

ता. क. दुसरं. पहिल्या ओळीत सांगायची गोष्ट इथं सांगते. मी सही करणार नाही. हे मले वाटते, मी ठरवलं, गटात वाचलं नाही अन् रोशनीच्या बाबांलेही विचारलं नाही (त्यांले लिहून झाल्यावर सांगितलं, ते म्हणाले, बरं). वावर तुम्हीच वाहा, भाऊ. पीक तुमचं, संत्री तुमची, मी त्यातली एक टोपलीही मागणार नाही, धाडली तर खाईन. फक्त सातबाऱ्यावर बाबांच्या लेकरांची नावं आहेत, त्यात माझं राहू द्या. उपस्थितांत, अनुक्रमांक शेवटचा असला तरी चालते. अन् विहिरीजवळच्या कोपऱ्यात मिरची लावली असेल तर यंदाची निघू द्या, पुढच्या वेळी मी धने घेऊन येते, रगडून आणीन.

ता. क. तिसरं. जयालेही तुम्ही असाच कागद तिच्या सासरी, वडनेरले धाडला आहे. तिचा फोन आलता का ताई, तू काय लिहिलं ते मले पाठव, मी पाहून उतरवते. मी पाठवलं नाही. म्हटलं जे वाटते ते तुझ्या शब्दांत लिही, सही करावी वाटली तर सहीही कर. तिचं पत्र येईल. तिले लिहायची सवय नाही, दोनच ओळींचं असेल, पण वाचजा.

ता. क. शेवटचं. भाऊ, मले भीती वाटते. सही न करणाऱ्या बहिणींचं माहेर तुटलेलं मी पाहिलं आहे, अन् हे पाकीट चिकटवताना हात थांबते. राखी याच पाकिटात आहे, कागदाच्या घडीत. आधी ती काढजा, वहिनीजवळून बांधून घेजा, अन् मग लाल शाई वाचजा.